मूडल, क्लासरूम की सचिवसाहेबांचं पॅकेज?

पत्र (बरंच लांब होतं, नावगाव काढून कापलंय):

"मी तालुक्याच्या गावातल्या अनुदानित सिनियर कॉलेजला कॉमर्स शिकवते. त्याच आवारात आमच्या संस्थेचं हायस्कूल पण आहे. नॅक (कॉलेजचं मूल्यांकन) जवळ आलंय म्हणून प्राचार्य मीटिंगमध्ये म्हणाले की यंदा एलएमएस (नोट्स, असाइनमेंट, मार्क ऑनलाइन ठेवायची सिस्टिम) पाहिजेच, आणि मी सगळ्यात ज्युनियर, शिवाय 'मॅडमना कॉम्प्युटर येतो', म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. प्राचार्य म्हणतात मूडल घ्या, आयआयटीत तेच आहे. संस्थेच्या सचिवांकडे एक कंपनीवाले डेमो देऊन गेलेत, दर विद्यार्थ्यामागे वर्षाला अमुक रुपये आणि तीन वर्षांचं ॲग्रीमेंट. स्टाफरूम म्हणते व्हॉट्सॲपवर चाललंय की सगळं. मावसभाऊ अमेरिकेत एमएस करतोय, तो म्हणतो कॅनव्हास सोडून काही बघूच नको. दोन्हीकडची मिळून सतराशे मुलं, कॉलेजच्या पोरांकडे फोन आहे, लॅपटॉप नाही, शाळेतल्यांकडे घरचा एक फोन. यातलं नेमकं चांगलं कुठलं ते सांगा म्हणजे मी रिपोर्ट देऊन मोकळी होते. आमच्याकडे सर्व्हर बघणारा माणूस नाही हेही सांगते."

ताई, रिपोर्ट देऊन तुम्ही मोकळ्या वगैरे काही होणार नाही हे आधीच सांगून ठेवते. एलएमएस आलं की पासवर्ड विसरलेली पोरं तुमच्याकडेच येणारेत, आणि पोरांच्याही आधी येतील ते तुमचे सिनियर सर, "मॅडम जरा दोन मिनिटं" करत. त्यामुळे चांगलं कुठलं याच्या आधी ते चालवणार कोण हे बघायचं, आणि तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंय, सर्व्हर बघणारा माणूस नाही. माझं सगळं उत्तर त्याच वाक्यावरून निघतंय.

आधी उत्तरच देऊन टाकते. हायस्कूलला गूगल क्लासरूम. सिनियर कॉलेजलाही या वर्षी क्लासरूमच. मूडल पुढच्या सेमिस्टरला, एखाद्या डिपार्टमेंटपुरतं, तेही बाहेर कुणाकडून तरी होस्ट करून घेतलेलं, म्हणजे त्यांच्या सर्व्हरवर ठेवलेलं. पॅकेजवर आत्ता सही नाही. आणि मावसभावाला माझा नमस्कार सांगा.

आता प्राचार्यांचं मूडल घेऊ, कारण त्यांचं म्हणणं चुकीचं नाहीये, अर्धवट आहे. मूडल खरंच ताकदीचं आहे. ऑस्ट्रेलियात पर्थच्या मार्टिन डुगियामास यांनी ते सुरू केलं, २००२ मध्ये पहिली आवृत्ती आली, ओपन सोर्स आहे म्हणजे कोड सगळ्यांना खुला, लायसन्सचे पैसे नाहीत, मराठी लँग्वेज पॅक आहे, आणि आयआयटी मुंबईत ते वापरतात हेही खरं. पण आयआयटीत कॉम्प्युटर सेंटर नावाचं अख्खं खातं आहे हो, ते सर्व्हर बघतं, बॅकअप घेतं, अपडेट टाकतं, आणि प्रोफेसर फक्त लॉगिन करून क्विझ लावतो. तुमच्याकडे ते कॉम्प्युटर सेंटर म्हणजे तुम्ही! मूडलच्या वर्षाला दोन मोठ्या आवृत्त्या येतात, सिक्युरिटीचे पॅच वेगळे, क्रॉन नावाचं एक काम सर्व्हरवर सतत चालू ठेवावं लागतं आणि ते बंद पडलं तर ईमेल, नोटिफिकेशन सगळं गपचूप थांबतं, कुणाला कळत पण नाही का थांबलंय ते. पोरांनी टाकलेल्या पीडीएफवर शिक्षकाला लाल पेनने खुणा करायच्या तर सर्व्हरवर घोस्टस्क्रिप्ट नावाचं वेगळं सॉफ्टवेअर टाकून ठेवावं लागतं. आणि स्वस्तातलं शेअर्ड होस्टिंग (एकच सर्व्हर अनेकांत वाटलेला) घेतलंत तर रोज दहा-वीस जण नोट्स बघतात तोपर्यंत सगळं गोड, मग युनिट टेस्टच्या दिवशी एफवायबीकॉमची सगळी डिव्हिजन अकराच्या ठोक्याला एकदम "अटेम्प्ट क्विझ" दाबते आणि पांढरा स्क्रीन. त्या दिवशी सगळे मूडलला शिव्या देतात, खरं म्हणजे दोष होस्टिंगचा असतो.

कॉलेजच्या लायब्ररीतल्याच एका पीसीवर टाकू असं कुणीतरी सुचवेलच, दर ठिकाणी सुचवतात. नको. लाईट जाते, यूपीएस पंधरा मिनिटं टिकतो, आणि सुट्टीत शिपाई मेन स्विच बंद करून जातो.

मग मूडल घ्यायचं कशाला? प्रश्नपेढीसाठी. हे एक काम ते सगळ्यात भारी करतं. तुमच्या अकाउंटन्सीचे तीनशे प्रश्न एकदा घातले, युनिटप्रमाणे कप्पे केले, की प्रत्येक पोराला त्यातले वेगवेगळे वीस काढून देतं, पर्यायांचा क्रम बदलतं, मार्क आपोआप लावतं, आणि पुढच्या वर्षी तीच पेढी पुन्हा वापरायची. शिवाय मोबाईल ॲपमध्ये कोर्स डाउनलोड करून ठेवता येतो आणि शिक्षकाने परवानगी ठेवली असेल तर क्विझ ऑफलाइन सोडवून नेटवर्क आल्यावर सिंक करता येते. वाडीवस्तीवरच्या पोरांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे, क्लासरूममध्ये असं काही नाही. कोणी कधी लॉगिन केलं, काय उघडलं, याचे लॉग निघतात, ते नॅकच्या फाइलीला बरे पडतात.

पण थांबा, तुमच्या सरांकडच्या त्या प्रश्नपेढ्या कशात टाइप केल्यात ते आधी विचारा. श्रीलिपी नाहीतर सुरेख फॉन्टमध्ये असणार, पैजेवर सांगते, कारण आपल्याकडे डीटीपीवाल्याकडून पेपर काढून घ्यायची पद्धत. ते मूडलमध्ये पेस्ट केलं की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते, कारण ते युनिकोड (सगळ्या फोन-कॉम्प्युटरवर सारखंच दिसणारं मराठी टायपिंग) नाहीच मुळात. कन्व्हर्टर मिळतात पण रफार आणि जोडाक्षरं तपासत बसावं लागतं. इतिहास, मराठी, राज्यशास्त्र या डिपार्टमेंटचं निम्मं काम इथेच आहे आणि डेमोमध्ये याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. नवीन प्रश्न तरी आजपासून युनिकोडमध्येच टाइप करायचे असं ठरवून टाका, बाकी एलएमएस कुठलंही येवो. अजून एक, मराठीत "एका शब्दात उत्तर लिहा" असला प्रश्न मशीनला तपासायला देऊ नका, एक पोरगं "हिंदी" लिहितं, दुसरं "हिन्दी" लिहितं, आणि तुम्ही एकच रूप भरून ठेवलं असेल तर दुसऱ्याला शून्य. मराठीत पर्यायी प्रश्नच बरे.

आता क्लासरूम. २०१४ साली आलं, दिसायला साधं, आणि साधं आहे म्हणूनच तुमच्याकडे चालेल. कोड द्यायचा, पोरं आत. असाइनमेंट टाकली की पोरगं वहीतलं पान फोनने स्कॅन करून तिथल्या तिथे पीडीएफ करून टाकतं, तुम्ही ॲपमध्ये बोटाने लाल खूण करून परत पाठवता. लॅपटॉप कुठेच लागत नाही. तुमची पोरं हातानेच लिहिणार आहेत, खतावणी काय किंवा जर्नल एन्ट्री काय, फोनवर टाइप थोडीच करणार आहेत, त्यामुळे हा एक रस्ता नीट चालला तर निम्मं काम झालं. सर्व्हरची झंझट नाही, बॅकअपची नाही.

पण पर्सनल जीमेलवर चालू करू नका, आमच्याकडे बरेच जण तेच करतात. संस्थेच्या नावाने गूगलचं शिक्षणसंस्थांसाठीचं वर्कस्पेस फॉर एज्युकेशन घ्या, त्यातली फंडामेंटल्स ही फुकट आहे. त्याला स्वतःचं डोमेन लागतं आणि मान्यताप्राप्त शिक्षणसंस्था असल्याचे कागद द्यावे लागतात. एसी डॉट इन किंवा ईडीयू डॉट इनवालं डोमेन आपल्याकडे फक्त अर्नेट या सरकारी संस्थेकडून मिळतं, कागदपत्रांना वेळ लागतो, म्हणून तो अर्ज उद्याच करा. फुकट म्हणजे सगळंच मिळतं असंही नाही. पूर्वी स्टोरेज अमर्याद होतं, २०२२ पासून अख्ख्या संस्थेला मिळून १०० टीबी झालं, तुम्हाला ते भरपूर आहे पण प्रत्येक सरांनी तासातासाचे व्हिडिओ चढवायला घेतले तर लिमिट लावावी लागेल. गूगल मीटच्या व्हिडिओ तासाला फुकटात शंभर जणच बसतात आणि रेकॉर्डिंग नाही, तुमची डिव्हिजन एकशेवीसची असेल तर वीस पोरं दाराबाहेर. आणि प्रश्नपेढी नावाची गोष्ट नाही, गूगल फॉर्ममध्ये क्विझ होते, प्रश्नांचा क्रम बदलता येतो, पण शंभरातून आपोआप वीस उचल हे त्याला जमत नाही. म्हणून म्हटलं, जिथे पेढीची खरी गरज आहे तिथे मूडल, बाकी सगळीकडे हे.

हायस्कूलच्या बाबतीत एक जास्तीचं. गूगल ॲडमिनमध्ये विद्यार्थ्यांचं वय १८ च्या खाली म्हणून नीट सेट करा, त्याप्रमाणे यूट्यूब वगैरेंवर मर्यादा लागतात. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ खालचं प्रत्येक मूल बालक धरलंय आणि त्याची माहिती घ्यायची तर पालकांच्या संमतीचा विषय येतो, त्यामुळे प्रवेश अर्जातच एक संमतीचा रकाना टाका, मराठीत, पालकाला कळेल असा. क्लासरूममधून पालकांना ईमेलवर अहवाल जातो पण आपल्याकडे पालक ईमेल बघतात कुठे, त्यांच्यासाठी व्हॉट्सॲपच ठेवा.

हां, व्हॉट्सॲप. स्टाफरूमला मी पूर्ण वेड्यात काढणार नाही. निरोपाला त्याच्यासारखं दुसरं काही नाही, उद्या प्रॅक्टिकल नाही हे क्लासरूमवर टाकलं तर दुपारपर्यंत चौथाई पोरांना कळेल, व्हॉट्सॲपवर पाच मिनिटांत गाव जागं होतं. पण असाइनमेंट तिथे घेणं बंद करा. फोन बदलला की फायली गेल्या, कोणी दिलं कोणी नाही याचा हिशोब कुठेच राहत नाही, सरांच्या गॅलरीत लग्नाचे फोटो आणि ट्रायल बॅलन्स एकत्र. आणि हे फारसं कुणी बोलत नाही म्हणून मी बोलते, वर्गाचा ग्रुप केला की प्रत्येक मुलीचा नंबर सगळ्या वर्गाला जातो. मग रात्रीचे "हाय" सुरू होतात. निरोपासाठी असा ग्रुप किंवा चॅनल करा ज्यात नंबर एकमेकांना दिसत नाहीत आणि फक्त शिक्षक लिहू शकतात.

कॅनव्हासबद्दल मावसभाऊ खोटं बोलत नाहीये. इन्स्ट्रक्चर नावाच्या कंपनीचं आहे, २०११ मध्ये बाजारात आलं, आणि दिसायला, वापरायला मूडलपेक्षा सुटसुटीत आहे हे मी पण मान्य करते. अमेरिकेतल्या युनिव्हर्सिट्यांमध्ये भरपूर चालतं. पण त्याच्या युनिव्हर्सिटीने त्यासाठी डॉलरमध्ये करार केलेला असतो, तो फक्त ॲप उघडतो. कॅनव्हासचा कोड ओपन सोर्स आहे हे तो तुम्हाला सांगेल, ते खरंय, पण स्वतः टाकून चालवायला ते मूडलपेक्षाही किचकट आहे. शिक्षकांसाठीचं फुकट अकाउंट मिळतं, हौस म्हणून एक कोर्स करून बघा, मजा येते, त्यावर कॉलेज उभं करू नका.

आणि मोठ्या नावाला, फुकटाला भुलू नका हे दोन्ही बाजूंनी सांगते. एडमोडो आठवतंय का, आपल्याकडेही बऱ्याच शाळांनी घेतलं होतं, फुकट, फेसबुकसारखं दिसायचं, २०२२ च्या सप्टेंबरमध्ये बंद. ज्यांनी आपलं सामान वेळेत काढलं नाही त्यांचं गेलं. दुसरीकडे ब्लॅकबोर्ड, १९९७ पासूनची एलएमएसची कंपनी, एकेकाळी अमेरिकेत सगळ्यात मोठी, ती २०२१ मध्ये ॲन्थॉलॉजी नावाच्या कंपनीत विलीन झाली आणि त्या ॲन्थॉलॉजीने २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. म्हणजे फुकटवाली बंद पडू शकते आणि महागवाल्याचे पण वांधे होऊ शकतात. त्यामुळे कुठलंही घ्या, आपलं सगळं बाहेर काढून नेता येतं का ते आधी बघायचं. मूडलमध्ये अख्ख्या कोर्सची एक फाइल निघते, ती दुसऱ्या मूडलवर जशीच्या तशी चढते. गूगलमध्ये फायली ड्राइव्हवरच असतात, मार्क गूगल शीटमध्ये उतरतात.

टीम्सचं लिहिलं नाहीत तुम्ही, पण कोणीतरी म्हणेल. मायक्रोसॉफ्टचंही शाळांसाठी फुकट मिळतं, जिथे लॅब आहे, सगळे वर्ड-एक्सेलवर आहेत तिथे चांगलं. स्वस्त फोनवर जड जातं. सोडा.

आता सचिवांचं पॅकेज, आणि इथे जरा सांभाळून, कारण इथे नोकरीचा प्रश्न असतो. ही बहुतेक पॅकेजेस एलएमएस नसतातच, ईआरपी असतात, म्हणजे ऑफिसच्या कारभाराचं सॉफ्टवेअर. फी, हजेरी, बोनाफाईड, आयकार्ड, परीक्षा फॉर्म, आणि कोपऱ्यात एक टॅब, एलएमएस, त्यात पीडीएफ चढवायची सोय, झालं. ऑफिसला ईआरपी लागत असेल तर जरूर घ्यावं, क्लार्क लोकांचे हाल वाचतात, पण तो ऑफिसचा निर्णय आहे, तुमच्या कमिटीचा नाही, आणि त्याचे पैसे एलएमएसच्या नावावर पडायला नकोत. सचिवांना थेट "नको" म्हणू नका. म्हणा, साहेब, पुन्हा एकदा डेमो ठेवूया, कॉलेजमध्येच ठेवूया. आणि त्या दिवशी प्रोजेक्टरवर त्यांचा लॅपटॉप लावू देऊ नका. एसवायची एक मुलगी बोलवा, तिच्याच साध्या फोनवर, तिच्याच डेटावर, विद्यार्थी म्हणून लॉगिन करायला सांगा, वहीच्या तीन पानांचा फोटो काढून टाकायला सांगा, मग तुम्ही शिक्षक म्हणून तो तपासा आणि मार्क एक्सेलमध्ये बाहेर काढा. सगळ्यांसमोर. यात जे होईल ते होईल, तुम्हाला काही बोलावंच लागणार नाही. नंतर फक्त एवढं लेखी मागा: करार संपला तर आमचा डेटा कुठल्या स्वरूपात आणि किती दिवसांत मिळेल, डेटा कुठल्या देशातल्या सर्व्हरवर आहे, मधल्या वर्षात विद्यार्थी कमी झाले तर पैसे कमी होणार का, आणि तीनच्या ऐवजी एक वर्षाचा करार कराल का. तोंडी "हो जाएगा मॅडम" चालणार नाही.

आणि नॅक अमुकच सॉफ्टवेअर घ्या असं सांगत नाही, ही एक अफवा सेल्सवाल्यांनी पसरवलीय असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे वापर दिसावा लागतो. नोंदणी सतराशे आणि लॉगिन साठ असली भारी सिस्टिम दाखवण्यापेक्षा चार डिपार्टमेंटची वर्षभराची तपासलेली असाइनमेंट दाखवली तर कुणीही विचारलं तरी तुम्ही ताठ बसाल.

स्वयम आणि दीक्षाचं पण मीटिंगमध्ये निघेल, सरकारचं फुकट आहे की म्हणून. ती कोर्सची आणि साहित्याची ठिकाणं आहेत. स्वयमवरचे कोर्स करून क्रेडिट घेता येतात, बालभारतीच्या पुस्तकांवरचा क्यूआर कोड दीक्षावर नेतो, हायस्कूलच्या शिक्षकांनी ते व्हिडिओ क्लासरूममध्ये लिंक म्हणून जरूर टाकावेत. पण तुमच्या वर्गाचं रोजचं काम घेणं, तपासणं, मार्क ठेवणं यासाठी ती नाहीत.

सुरुवात कशी करायची ते सांगते, कारण खरी माती इथेच होते. सगळ्या कॉलेजला एकाच दिवशी चालू करू नका, सेमिस्टरच्या मध्ये तर मुळीच नको. २०१७ ला मुंबई विद्यापीठाने सगळ्या उत्तरपत्रिका ऑनस्क्रीन तपासायचं घाईत ठरवलं आणि निकाल किती रखडले ते आठवा, पोरांचे पुढचे प्रवेश अडकले होते. कल्पना वाईट नव्हती, तयारी नव्हती. तुम्ही जूनला कॉमर्स आणि अजून एका डिपार्टमेंटपासून सुरू करा, ते दुसरं डिपार्टमेंट निवडताना सगळ्यात टेक्नोसॅव्ही सर बघू नका, सगळ्यात जास्त कुरकुर करणारे पण पोरांना जीव लावणारे एखादे सर बघा, त्यांना जमलं की बाकीच्यांना बहाणाच उरत नाही. सीएचबीवाल्या (तासिका तत्त्वावरच्या) शिक्षकांना पण संस्थेची अकाउंट द्या, नाहीतर ते स्वतःच्या जीमेलवर वर्ग काढतात आणि मार्चला सोडून गेले की वर्गही जातो. शिक्षकांचं ट्रेनिंग हॉलमध्ये पीपीटी दाखवून नको, चार-चार जण, प्रत्येकाचा स्वतःचा फोन हातात, एक असाइनमेंट टाकायची आणि एक तपासायची, एवढंच, बाकी फीचर दिवाळीनंतर. मूडल शिकायचंच असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये त्याची मालिका आहे, फुकट, सुट्टीत बघून ठेवा.

आता तुमचं स्वतःचं. हे काम तोंडी घेऊ नका, ताई. प्राचार्यांकडून ऑफिस ऑर्डर घ्या, त्यात तुमच्याबरोबर अजून दोन नावं पाहिजेत, एक हायस्कूलचं आणि एक ऑफिसचं, आणि आठवड्याचे दोन-तीन तास वर्कलोडमधून कमी. नाही म्हणाले तर निदान इतर कमिट्यांमधून नाव काढून मागा, तुमचं नाव सांस्कृतिकला आणि परीक्षेला पण असणारच. पासवर्ड रीसेट करण्याचं काम पहिल्या दिवसापासून ऑफिसच्या माणसाला शिकवा, ठरावीक वेळ ठेवा, दुपारी दोन ते तीन, खिडकीवर बोर्ड लावा. तुमचा पर्सनल नंबर हेल्पलाइन म्हणून कुठेही छापू देऊ नका, कितीही आग्रह झाला तरी.

आणि ॲडमिन अकाउंट दोन काढा, एक तुमचं आणि एक "प्राचार्य" या पदाच्या नावाचं, त्याचा पासवर्ड आणि रिकव्हरी कोड पाकिटात सील करून ऑफिसच्या कपाटात. डोमेनचं रिन्यूअल कुणाच्या ईमेलवर येतंय तेही त्याच दिवशी बघून घ्या.